पहिलं आरसी विमान उडवायचंय? मग विमानाआधी रिमोट नीट निवडा

रील्समध्ये फोमचं छोटंसं विमान हातातून फेकलं जातं, मस्त गिरकी घेतं आणि पुन्हा पायाशी येऊन उतरतं. बघणाऱ्याला वाटतं, आपणही घ्यावं. मग सर्च सुरू होतो आणि सगळा वेळ, सगळं बजेट विमान निवडण्यात जातं. रिमोट काय, सोबत येईल तो.

खरं तर गणित उलटं आहे. शिकाऊ माणसाचं पहिलं विमान पडतं, दुसरंही पडतं. फोमशीट, ग्लू गन आणि एक रविवार हाताशी असला की नवीन बॉडी उभी राहते. रिमोट मात्र नीट निवडला तर पाच-सात विमानं बदलली तरी तोच राहतो. आणि चुकीचा निवडला तर पुढचा प्रत्येक रिसीव्हर महाग पडतो किंवा वर्षभरात सगळा सेटच बदलावा लागतो. विमान हवेत असताना त्याच्याशी असलेला एकमेव दुवा हाच, ही गोष्ट तर वेगळीच.

त्यामुळे आरसीच्या छंदात पहिला मोठा खर्च विमानावर नाही, तर रेडिओवर करावा. कोणता रेडिओ, हे आता बघू.

बॉक्समध्ये नक्की काय असतं?

ज्याला आपण रिमोट म्हणतो तो ट्रान्समीटर. त्याच्या दोन स्टिक हलल्या की त्यांची स्थिती रेडिओ लहरींवरून विमानातल्या रिसीव्हरला कळते. रिसीव्हर म्हणजे काडेपेटीएवढं किंवा त्याहून लहान सर्किट. त्याला सर्व्हो जोडलेले असतात, जे पंखांचे आणि शेपटीचे हलते भाग फिरवतात. मोटरचा वेग सांभाळणारी ईएससीसुद्धा तिथेच जोडतात.

ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची एकदा ओळख करून द्यावी लागते. याला बाइंडिंग म्हणतात. त्यानंतर तो रिसीव्हर त्या एकाच रिमोटचं ऐकतो. प्रत्येक विमानात एक रिसीव्हर कायमचा बसवून ठेवायचा, रिमोट एकच वापरायचा, अशी ही व्यवस्था. म्हणूनच रिमोटची किंमत एकदा मोजावी लागते, रिसीव्हरची दरवेळी. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विमान घेताना आणखी तीन संक्षेप दिसतात. आरटीएफ म्हणजे रिमोटसकट सगळं तयार. बीएनएफ म्हणजे रिसीव्हर आत आहे, तुमचा रिमोट बाइंड करा. पीएनपी म्हणजे मोटर, सर्व्हो, ईएससी आहेत, रिसीव्हर तुमचा तुम्ही आणा. स्वस्तातल्या आरटीएफ विमानांबरोबर येणारे रिमोट बहुतेक वेळा त्याच विमानापुरते असतात. विमान मोडलं की रिमोटही खेळण्यांच्या खोक्यात जातो.

कपाटातला लांब अँटेनाचा सेट

काही घरांत काका-मामांच्या काळातला सेट सापडतो. मीटरभर लांब ओढून काढायची स्टीलची अँटेना, मागे क्रिस्टलची छोटी खाच. हे सेट २७, ३५, ४० किंवा ७२ मेगाहर्ट्झवर चालायचे. ट्रान्समीटर आणि रिसीव्हरमध्ये एकाच फ्रिक्वेन्सीचे क्रिस्टल लागायचे आणि मैदानात दोघांची फ्रिक्वेन्सी एकच निघाली की हवेतलं विमान गेलंच समजा. म्हणून क्लबमध्ये फळा असायचा आणि आपल्या फ्रिक्वेन्सीचा चिमटा हातात असल्याशिवाय कोणी सेट चालू करायचं नाही.

२००५-०६ च्या सुमारास हॉबीच्या दुकानांत २.४ गिगाहर्ट्झचे सेट येऊ लागले आणि ही भानगड जवळपास संपली. यात सिग्नल एकाच फ्रिक्वेन्सीला चिकटून राहत नाही. आजचे बहुतेक सेट सेकंदाला कित्येकदा जागा बदलत राहतात आणि रिसीव्हरला फक्त आपल्या ट्रान्समीटरची ओळख पटते. त्यामुळे एकाच मैदानात दहा जण उडवू शकतात. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत २००५ पासून विनापरवाना वापरता येतो. वायफाय आणि ब्लूटूथही इथेच असतात.

जुना सेट शोकेसमध्ये छान दिसेल. उडवायला नको.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : हा रिमोट कोणाची भाषा बोलतो?

दोन्ही सेट २.४ गिगाहर्ट्झचे आहेत म्हणून ते एकमेकांशी बोलतीलच असं नाही. प्रत्येक कंपनीची आपापली भाषा असते, तिला प्रोटोकॉल म्हणतात. फ्लायस्कायचा एएफएचडीएस, स्पेक्ट्रमचा डीएसएमएक्स, फुटाबाचे फास्ट आणि एस-एफएचएसएस, फ्रस्कायचा एसीसीएसटी. एकाचा रिसीव्हर दुसऱ्याचं ऐकत नाही.

त्यातही मेख अशी की एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांचं जमेलच असं नाही. फ्रस्कायने एसीसीएसटीची दुसरी आवृत्ती आणली तेव्हा नवीन फर्मवेअरचा रिमोट आणि जुन्या फर्मवेअरचा रिसीव्हर यांचं बोलणं बंद झालं. लोकांना आपल्या ताफ्यातला एकेक रिसीव्हर काढून अपडेट करावा लागला. फ्लायस्कायचेही एएफएचडीएस, २ए आणि ३ असे वेगवेगळे प्रकार आहेत. म्हणून दुकानदार ‘फ्लायस्कायचा आहे, चालेल’ म्हणाला तर एवढ्यावर थांबू नका. रिसीव्हरवरचं पूर्ण नाव वाचा.

इथेच रिसीव्हरच्या किमतीचा मुद्दा येतो. जपानची फुटाबा आणि अमेरिकेची स्पेक्ट्रम या कंपन्यांचा दर्जा वादातीत आहे. पण त्यांचा अस्सल रिसीव्हर फ्लायस्कायच्या किंवा एक्सप्रेसएलआरएसच्या रिसीव्हरपेक्षा कित्येक पट महाग पडतो. पॉकेटमनीवर छंद करणाऱ्याने रिमोटचा भाव बघताना ‘पुढच्या तीन विमानांचे रिसीव्हर केवढ्याला?’ हाही आकडा त्यात मिळवून बघावा. कधी कधी स्वस्त रिमोट महाग ठरतो आणि महाग रिमोट स्वस्त.

एक्सप्रेसएलआरएस हे नाव नवीन वाटलं असेल. ही कोणा एका कंपनीची मालकीची भाषा नाही, ओपन सोर्स प्रकल्प आहे. कोणतीही कंपनी त्यावर चालणारे रिसीव्हर बनवू शकते, त्यामुळे भाव खाली राहतात आणि पर्याय भरपूर मिळतात. पल्ला आणि प्रतिसादाचा वेग दोन्ही उत्तम. सुरुवातीला ते ड्रोन रेसिंगवाल्यांचं होतं, आता विमानवालेही तिकडे वळलेत.

पण नवख्याला यात दोन खड्डे आहेत. पहिला, यातले बरेचसे छोटे रिसीव्हर ड्रोनच्या फ्लाइट कंट्रोलरला जोडण्यासाठी असतात. त्यावर सर्व्होच्या पिना नसतातच. साध्या विमानासाठी ‘पीडब्ल्यूएम आउटपुट’ असलेला रिसीव्हर मागायचा. दुसरा, रिमोट आणि रिसीव्हरमधल्या फर्मवेअरची मुख्य आवृत्ती जुळली पाहिजे. एकात २ आणि दुसऱ्यात ३ असेल तर तासभर बटणं दाबत बसलात तरी बाइंड होणार नाही. हे रिसीव्हर वायफायवरून मोबाइलने अपडेट करता येतात, पण ते शिकून घ्यावं लागतं.

आणखी एक. एक्सप्रेसएलआरएस २.४ गिगाहर्ट्झमध्ये येतं तसं ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यातही येतं. अमेरिकेत चालणारा ९१५ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात खुला नाही. पहिल्या सेटसाठी २.४ च घ्यायचा, विषय संपला.

एफएस-आय६ की पॉकेट?

भारतातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या एअरोमॉडेलिंग क्लबमध्ये डोकावलं तर एक रिमोट हमखास दिसतो. काळा, चौकोनी, छोट्या स्क्रीनचा फ्लायस्काय एफएस-आय६. सहा चॅनल, २० मॉडेलची मेमरी, चार पेन्सिल सेलवर चालतो. रिसीव्हरसकट साधारण साडेचार ते सहा हजारांत मिळतो, भाव डॉलरप्रमाणे वरखाली होतात. त्याची खरी ताकद मात्र त्याच्या फीचर्समध्ये नाही. तो सगळ्यांकडे आहे, ही त्याची ताकद. अडलात तर शेजारच्या बेंचवरच्या पोराला उत्तर माहीत असतं, सुटा रिसीव्हर उसना मिळतो आणि यूट्यूबवर प्रत्येक सेटिंगचा व्हिडिओ असतो.

कमतरता? स्टिकमध्ये साधे पोटेन्शिओमीटर असल्याने वर्षानुवर्षांच्या वापरात ते झिजतात. कॉम्प्युटरवर सिम्युलेटर खेळायला वेगळी केबल घ्यावी लागते. आणि स्क्रीनवर दिसणारं व्होल्टेज विमानाच्या मुख्य बॅटरीचं नसतं, रिसीव्हरला मिळणाऱ्या सुमारे ५ व्होल्टचं असतं. हे न कळल्याने ‘बॅटरी तर फुल दाखवतोय’ म्हणत उडवत राहणारे आणि मोटर बंद पडल्यावर शेतात विमान शोधणारे नवशिके कमी नाहीत. मुख्य बॅटरीचं व्होल्टेज हवं तर वेगळा सेन्सर जोडावा लागतो.

दुसरा उमेदवार रेडिओमास्टर पॉकेट, २०२३ मध्ये आलेला. गेमिंग कंट्रोलरच्या आकाराचा, स्टिक काढून ठेवता येतात, त्यामुळे बॅगेत सहज जातो. त्यात एजटीएक्स नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर चालतं आणि स्टिकला हॉल सेन्सर आहेत, म्हणजे घासून झिजणारा भाग नाही. यूएसबी केबल लावली की तो थेट जॉयस्टिक बनतो. आय६ पेक्षा थोडा महाग, रिसीव्हर वेगळा आणि दोन १८६५० सेलही वेगळे घ्यावे लागतात. घेताना एक्सप्रेसएलआरएसची आवृत्ती आहे की सीसी२५०० ची, हे नीट बघा. दिसायला सारख्याच, भाषा वेगळ्या.

त्यातही एजटीएक्सचं डोकं वेगळं चालतं. आय६ मध्ये ‘रिव्हर्स’, ‘डी/आर’ असे सरळ मेनू आहेत. एजटीएक्समध्ये इनपुट, मिक्स, आउटपुट असे तीन टप्पे समजून घ्यावे लागतात. कोडिंगची सवय असलेल्याला ते आवडतं. ज्याला सेटिंगचा कंटाळा आहे त्याला पहिले चार दिवस शिव्या द्याव्याशा वाटतील.

मग निवडायचं कसं? आजूबाजूला फ्लायस्कायवाला क्लब असेल, दादा-ताई शिकवायला असतील तर आय६ घ्या, अजिबात कमीपणा मानू नका. एकटेच शिकणार असाल, सिम्युलेटरवर जास्त वेळ जाणार असेल किंवा पुढे एफपीव्ही ड्रोन उडवायचा बेत असेल तर पॉकेट. आय६ घेऊन पुढे मोठ्या रेडिओवर जायचं ठरलं तरी रिसीव्हर वाया जात नाहीत, कारण ‘फोर-इन-वन’ मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल असलेले रेडिओ एएफएचडीएस २ए भाषाही बोलतात.

टाळायचा असेल तर फ्लायस्कायचाच जुना सीटी६बी टाळा. थोडे पैसे वाचतात म्हणून तो अजूनही विकला जातो. त्याला स्क्रीन नाही. एखादा सर्व्हो उलटा फिरतोय हे मैदानात कळलं, तर दुरुस्त करायला लॅपटॉप आणि केबल लागते.

किती चॅनल हवेत?

सहा. विमान वर-खाली नेणारं एलिव्हेटर, कलवणारं एलेरॉन, नाक डावी-उजवीकडे वळवणारं रडर आणि मोटरचा थ्रॉटल, हे झाले चार. पाचवा-सहावा फ्लॅप, दुसरं एलेरॉन किंवा स्टॅबिलायझेशनच्या गायरोचा मोड बदलायला. शिकाऊ विमान तर एलेरॉनशिवाय तीनवरही उडतं. दहा-सोळा चॅनलच्या जाहिरातीला भुलून जास्त पैसे देण्याचं कारण नाही.

चॅनलपेक्षा तीन सोयी आहेत का बघा. मॉडेल मेमरी, ड्युअल रेट आणि एक्स्पो, म्हणजे स्टिकचा परिणाम सौम्य करता येणं, आणि मिक्सिंग. शेपटी नसलेलं फ्लाइंग विंग उडवायचं तर दोन्ही सर्व्हो एलिव्हेटर आणि एलेरॉन अशी दुहेरी कामं करतात. मिक्सिंग नसेल तर ते उडणारच नाही.

मोड १ की मोड २?

मोड २ मध्ये डाव्या स्टिकवर थ्रॉटल आणि रडर, उजवीवर एलिव्हेटर आणि एलेरॉन. मोड १ मध्ये थ्रॉटल आणि एलिव्हेटरची अदलाबदल. जपानमध्ये मोड १ खूप चालतो. भारतात बहुतेक जण, विशेषतः ड्रोनवाले, मोड २ वर उडवतात. दोन्हींत चांगलं-वाईट काही नाही. पण बोटांना एकदा सवय लागली की बदलणं स्कूटरचे ब्रेक उलटे लावण्यासारखं होतं. विमान नाकावर खाली येत असताना शिकवणाऱ्याला तुमचा रिमोट घेऊन ते वाचवता आलं पाहिजे, म्हणून शिकवणारा जो मोड वापरतो तोच घ्या. कोणी नसेल तर मोड २.

रेंजचा बाऊ

‘दोन किलोमीटर रेंज’ ही जाहिरात वाचून हरखून जाऊ नका. एक मीटर पंखांचं विमान ३०० मीटरवर गेलं की आकाशात ते पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या जेमतेम एक-तृतीयांशाएवढं दिसतं. ते आपल्याकडे येतंय की लांब चाललंय, हे तिथे ओळखू येत नाही. कॅमेऱ्याशिवाय उडवताना आधी नजरेची रेंज संपते, मग रेडिओची.

फरक पडतो तो अँटेनाने. ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक विमानावर रोखायचं नाही, कारण टोकाच्या दिशेने सिग्नल सर्वांत कमी जातो. रिसीव्हरला दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींना काटकोनात ठेवायच्या आणि बॅटरी, मोटरच्या तारा, कार्बन फायबर यांच्यापासून लांब. पावसाळ्यात ओल्या झाडांच्या मागे विमान गेलं तर २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पानं शोषून घेतात.

नियम काय सांगतात?

भारताच्या ड्रोन नियम २०२१ मध्ये ‘ड्रोन’ म्हणजे फक्त चार पंख्यांचं यंत्र नाही. पंखांचं मॉडेल विमानही त्यातच येतं. शिक्षण, संशोधन, डिझाइन-चाचणी किंवा मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलं जाणारं २५ किलोपर्यंतचं यंत्र ‘मॉडेल’ या वर्गात मोडतं आणि त्याला टाइप सर्टिफिकेटची गरज नसते. व्यावसायिक वापर नसेल तर दोन किलोपर्यंत रिमोट पायलट सर्टिफिकेटही लागत नाही. पण कुठे उडवताय, हे बंधन सगळ्यांना आहे. सरकारी नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे झोन आहेत आणि हिरव्यातही साधारणपणे ४०० फुटांची मर्यादा आहे. मुंबईत तर पोलिस वेळोवेळी मनाई आदेश काढतात. त्यात ड्रोनसोबत रिमोटवर चालणाऱ्या हलक्या विमानांचाही उल्लेख असतो. जुहू चौपाटीवर सकाळी सकाळी उडवून येऊ, हा बेत रद्द करा.

खरेदीबाबतही एक गोष्ट. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. पण वायरलेस उपकरणांच्या आयातीला दूरसंचार विभागाची ईटीए मंजुरी लागते. परदेशी साइटवरून एकट्यासाठी मागवलेला रिमोट कस्टम्समध्ये अडकू शकतो. इथल्या दुकानातून पाचशे रुपये जास्त देऊन घेतलेला बरा.

सेट घरी आल्यावर

एक किलोचं विमान ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात असेल तर त्यातली ऊर्जा ताशी १३५ किलोमीटरच्या लेदर बॉलएवढी असते. वर पुढे फिरणारा प्रोपेलर. म्हणून विमान जोडण्याआधी फेलसेफ तपासायचा. सिग्नल तुटला तर रिसीव्हरने काय करायचं, याची आधीच देऊन ठेवलेली सूचना म्हणजे फेलसेफ. काही रिसीव्हर काहीच सांगितलं नसेल तर शेवटची आज्ञा धरून बसतात. तुम्ही फुल थ्रॉटलला असताना सिग्नल गेला तर विमान फुल थ्रॉटलनेच गर्दीकडे जाईल. थ्रॉटल शून्य, बाकी सगळं मधोमध, ही नवशिक्यासाठीची सेटिंग. ती आय६ च्या मेनूतून करता येते. काही ब्रँडमध्ये बाइंड करताना स्टिक जिथे असेल तीच स्थिती साठवली जाते, म्हणून बाइंड करताना थ्रॉटल खालीच ठेवायचा.

तपासायची पद्धत सोपी. प्रोपेलर काढा, काढाच. बॅटरी जोडा, मोटर अर्ध्या वेगाने फिरवा आणि रिमोट बंद करा. एक-दोन सेकंदांत मोटर थांबली पाहिजे. नाही थांबली तर सेटिंग चुकलीय.

या एका चाचणीचा अपवाद सोडला तर चालू करताना आधी रिमोट मग विमानाची बॅटरी, आणि बंद करताना आधी बॅटरी मग रिमोट, हाच क्रम. आय६ चालू करताना सगळे स्विच वर आणि थ्रॉटल खाली नसेल तर तो बीप करत राहतो, पुढे जात नाही. सेट बिघडलाय समजून तो परत पाठवू नका.

उडवण्याआधी मैदानात रेंज चेक करायचा. बऱ्याच सेटमध्ये त्यासाठी शक्ती मुद्दाम कमी करणारा मोड असतो. एकाने विमान धरायचं, दुसऱ्याने रिमोट घेऊन साधारण ३० पावलं लांब जायचं आणि स्टिक हलवत राहायचं. सर्व्हो न अडखळता हलले तर ठीक. मोटर चालू ठेवूनही हीच चाचणी पुन्हा घ्यायची, कारण काही वेळा मोटरच्या विद्युत गोंगाटानेच रिसीव्हर गोंधळतो. विमान धरणाऱ्याने प्रोपेलरच्या मागे उभं राहायचं.

आणि विमान बनेपर्यंतचे आठ-पंधरा दिवस सिम्युलेटरवर घालवायचे. पिकासिम मोफत मिळतं. विमान स्वतःकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं, तिथेच सगळ्यांची पहिली विमानं पडतात. स्क्रीनवर ती कितीही पाडा, ग्लू गन लागत नाही.